बिनभाकरीचे गडी

माझी आत्ती मक्याच्या रानात शिरताना वाकायची. ठेंगण्या दाराच्या देवळात जाताना माणूस वाकतं तशी, पदर डोक्याशी धरून, एक हात पुढं करून. नव्या माणसाला वाटायचं, बाई रानाच्या पाया पडते आहे. तसलं काही नव्हतं. मका छातीला लागला की दोन सऱ्यांच्या मधे, बरोबर कणीस धरतं त्या उंचीला, कोळी आपली जाळी बांधायचे आणि त्यातलं एकही मोडायचं नाही असा आत्तीचा नियम होता. भांगलायला येणाऱ्या बायकांना ती पहिल्यांदा हेच बजावायची. "पाय कुटंबी टाका, डोसकं तेवडं खाली ठेवा." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यातली एक तर दर वर्षी म्हणायची, "हौसाआक्काच्या रानात यायचं म्हंजी मामंजीच्या म्होरनं गेल्यागत वाकून जायाचं बगा." आत्ती हसायची नाही. कोळ्यांच्या बाबतीत तिला चेष्टा खपत नसे. "ती माजी गडी हायत," ती म्हणायची. "बिनभाकरीची. न्याहारी मागत न्हाईत, पान-तंबाकू मागत न्हाईत. तुमच्यापरास बरी."

हौसाआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती माघारी आली ती कायमचीच. आमचं गाव खंडाळा तालुक्यातलं. तेव्हा शिरवळ म्हणजे एक एस्‌टीचा थांबा, चार दुकानं आणि भज्यांची कढई. आज तिथं जे कंपन्यांचे पत्रे चमकतात त्यांचा मागमूस नव्हता. आजोबांनी लेकीला रस्त्यालगतचा वीस गुंठ्यांचा तुकडा कसायला दिला. लिहून काही दिलं नाही, तोंडानं दिला. त्या वीस गुंठ्यांवर आत्ती ताठ मानेनं जगली. तिची चूल मागच्या पडवीत वेगळी होती. भांडण होऊन वेगळी झाली असं कुणाला वाटेल, पण माझी आई आणि ती दिवसभर एकमेकींच्या डोक्यातले केस विंचरत गप्पा मारायच्या. चूल वेगळी होती ती आत्तीच्या एका वाक्यामुळं. "मी भावाच्या घरात ऱ्हाती, भावाचं खात न्हाई."

आणि खायची काय, तर मका. सकाळी जात्यावर भरडलेल्या कण्या ताकात रटरटत ठेवायची, त्यांचा बुडबुड आवाज माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. वर लसणाची फोडणी. कोवळी कणसं निघाली की किसून त्यांची थालीपिठं, जून झाली की राखेत भाजून तिखट-मीठ चोळून. घरातली आम्ही दोन्ही पोरं, मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप, आईची भाकरी टाकून आत्तीच्या पडवीत पडीक असायचो. आई म्हणायची, "जावा, तिकडंच नाव घाला हाजरीपटावर." आजही सांगलीत माझ्या सुनेनं मॉलमधून आणलेल्या पिवळ्याधमक गोड कणसांचं सूप पुढं केलं की मी मुकाट्यानं पिते. तिला काय सांगायचं, तिचं काही चुकत नाही.

आमच्या भागात मक्याला केसर सुटलं की भुंगेरे यायचे. मसुराच्या दाण्याएवढे, तपकिरी पाठीवर फिकट ठिपके. ते कणसाचे रेशमासारखे केस कुरतडायचे. आत्ती मला एकदा कणीस सोलून दाखवत म्हणाली होती, "ह्यो एकेक केस एकेका दाण्याचा हाय. केस तुटला की दाना मेला." शेजारपाजारची कणसं म्हाताऱ्याच्या तोंडासारखी निघायची, मधे मधे दात पडलेली. आत्तीची भरलेली. तिचं सगळं काम हिवाळ्यातच सुरू व्हायचं. बांधाच्या कडेनं ती कडब्याच्या बारक्या पेंढ्या करून उभ्या ठेवायची, उन्हाळाभर त्यांना कुणाला हात लावू द्यायची नाही. कोळी त्यांत दडून राहायचे. मका गुडघ्याला आला की त्याच पेंढ्या हलक्या हातानं उचलून ती सऱ्यांमधे अंतरा-अंतरावर आडव्या टाकायची. बाळंतिणीला धरावं तशी ती पेंढी धरायची. पेंढीतून कोळी बाहेर पडायचे. काही जाळी विणायचे, काही जाळं न विणता जमिनीवरच पळत शिकार करायचे. सकाळी जाळ्यांत पाहावं तर भुंगेऱ्यांची नुसती टरफलं लटकलेली. हे तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बगून बगून आलं."

मला मात्र त्या जाळ्यांची लाज वाटायची. पावसाळी धुक्याच्या सकाळी दवानं ती पांढरी दिसायची आणि रस्त्यावरून शाळेला जाणाऱ्या पोरी म्हणायच्या, "सुशे, तुमचं जळमटाचं रान आलं बघ." माणसाच्या आयुष्याची वाट लावायला एवढी लाजसुद्धा पुरते. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

त्याच सुमारास आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन कायमचे घरी आले. तोवर ते माझ्यासाठी वर्षातून दोन महिने येणारा एक पाहुणाच होते, काळी ट्रंक, हिंदी बोलणं आणि दाढीच्या साबणाचा वास. आले ते सगळ्या घराची परेड घ्यायलाच. अंगणातले दगड ओळीनं मांडून त्यांना चुना फासला. गोठ्याच्या खांबांना गेरूचे पट्टे ओढले. म्हशीच्या शिंगांनाही रंग देणार होते, पण म्हशीनं नकार दिला. पहाटे पाचला त्यांची हाक उठायची, "सुशीला! झाडू!" आणि खरं सांगते, मला ती हाक आवडायची. इतक्या वर्षांनी बाप मिळाला होता आणि त्याच्या तोंडून "शाब्बास" ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं. ते मी केलंच.

आल्या आल्या आबांनी दुसरंही एक काम उरकलं. आजोबा वारलेले, जमिनीवर वारसांची नावं लागायची होती. तलाठ्याच्या पुढं आत्तीनं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला. आमच्याकडं बहिणी तो देतात. देत नाही तिला माहेर तुटतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं असतं. अंगठ्याची शाई पुसत ती घरी आली तेव्हा आबा भाऊकीतल्या दोन थोरल्यांसमोर म्हणाले, "आक्का, कागद कागदाच्या जागी. रान तुजंच हाय. जवर पीक नीट दावशील, तवर त्येला कोन हात लावत न्हाई." आत्तीनं मान डोलावली. तिला कसली काळजी? तिचं पीक कधी वाईट आलंच नव्हतं. पण आता मला त्या वाक्यातला दगा स्पष्ट दिसतो. जे आजोबांनी लेकीला दिलं होतं, ते आबांनी अटीवर दिलं.

गौरी-गणपतीच्या आधी एक पत्र आलं. आबांचे पलटणीतले जुने साहेब पुण्याहून महाबळेश्वरला निघाले होते, वाटेत सुभेदाराचं घर आणि शेती पाहणार होते. घरात लग्न निघाल्यासारखी धांदल उडाली. नेमकं त्याच आठवड्यात आत्तीच्या सासरच्या कुणाचा तरी दहावा आला आणि तिला फलटणकडं जावं लागलं. निघताना तिनं मला रानाच्या कडेला नेलं. मक्याला तुरे आले होते, केसर सुटायला आठवडा होता. "चार दिस ध्यान ठेव गं," ती म्हणाली. "गुरं शिरू दिऊ नगं. आन्‌ माज्या गड्यांस्नी हात लावू नगं." मी "व्हय" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा रस्त्यावर उभे राहून लांबून घराकडं पाहत होते, साहेबाच्या डोळ्यांनी. घर झकास दिसत होतं. दगड पांढरे, खांब तांबडे. आणि पुढ्यात, अगदी रस्त्याला लागून, दवानं भिजलेली शेकडो जाळी. आबांच्या कपाळावर आठी पडली. "रानाला जळमटं? साहेब काय म्हनंल, सुभेदाराची बटालियन झोपली व्हय? सुशीला, झाडू!"

मी खराटा घेऊन रानात शिरले. वाकले नाही. हे मला अगदी नक्की आठवतं, की मी वाकले नाही आणि मला मोठं झाल्यासारखं वाटलं. एका सरीतून खराटा उभा धरून चालत जायचं, दुसऱ्या सरीतून परत. जाळी तटातट तुटायची, खराट्याला चिकट गुंता जमायचा, तो पायानं काढायचा. पोटाशी अंड्यांची पांढरी पिशवी धरलेले कोळी तुरुतुरु पळायचे. त्यांच्यासाठी आबांनी पावडर आणली होती. जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून मी ती ताटाताटावर थोपटत गेले, माझ्या वेण्या पांढऱ्या होईतो. सऱ्यांतल्या पेंढ्या ओढून बांधावर ढीग केला आणि पेटवला. आईनं एकदा पडवीतून हाक मारली, "आवं, आक्कास्नी येऊ द्या की." आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुपारपर्यंत वीस गुंठे रान कवायतीच्या मैदानासारखं झालं. आबांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास, सुशीला. एकदम चकाचक." त्या शब्दानं मला रात्रभर झोप आली नाही, आनंदानं. हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण आनंद झाला होता हे खरं आहे आणि आत्मकथन लिहायचं तर तेही लिहायला हवं.

साहेब आले, मोटारीतून उतरले, पाय मोकळे केले. काळा चष्मा काढलाच नाही. आईनं केलेले शंकरपाळे त्यांच्या बायकोनं दोन बोटांत धरून परत ठेवले. आबा म्हणाले, "सर, ये अपना खेत." साहेबांनी मान वळवली, "बढ़िया, सूबेदार, बढ़िया," म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील. मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत आबा सॅल्यूटमधेच उभे होते. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. आता येते, पण रागापेक्षा जास्त नाही.

आत्ती चौथ्या दिवशी परतली. एस्‌टीतून उतरून घरी न जाता थेट रानाकडं गेली. मी पडवीतून पाहत होते. ती सवयीनं वाकली, दोन पावलं आत गेली, थांबली, आणि हळूहळू ताठ उभी राहिली. डोक्यावरचा पदरही हातातून सुटला. मग बांधावर आली, राखेच्या ढिगाशी बसली आणि राख हातानं चाळून पाहिली. घरी आल्यावर तिनं कुणाला काही विचारलं नाही. माझ्याजवळून जाताना माझी वेणी उचलली, केसांच्या मुळांशी राहिलेली पावडर बोटानं पुसली, बोट नाकाशी नेलं आणि वेणी सोडून दिली. तिनं मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

आठवड्यात केसर सुटलं आणि शेजारच्या रानांतून भुंगेरे आले. पावडर तोवर पावसानं धुऊन गेली होती. आत्ती पहाटे बादलीत रॉकेलचं पाणी घेऊन एकेका कणसावरून भुंगेरे झटकायची. मीही जायला लागले, न सांगता. आम्ही दोघी एकाच सरीत ठिपक्यांचे किडे बादलीत पाडत राहायचो. सकाळी मोकळं केलेलं कणीस संध्याकाळी पुन्हा भरलेलं असायचं. एके दिवशी ती स्वतःशीच म्हणाली, "दोन बायकांच्या चार हातांनी हुनारं काम हाय व्हय ह्ये." दसऱ्याला कणसं सोलली. तीन कणसांत मिळून एका कणसाचे दाणे.

त्यानंतर आबांनी भाऊकीतल्या त्याच दोन थोरल्यांना बोलावलं. सोप्यात घोंगडं अंथरलं, आईनं चहा केला. मधे सोललेली कणसं ठेवली होती, दात पडलेली. आबांचा आवाज चढलेला नव्हता. ते अगदी शांत, हिशेबी बोलत होते. "मी कवा न्हाई म्हनलो न्हाई. पीक दाव म्हनलो. ह्ये बगा पीक. कोळी पाळून शेती हुतीया व्हय? पावडर मारली तरीबी किडं आलं, इतकी घान करून ठेवलीती रानात." थोरल्यांपैकी एकानं कणीस हातात घेऊन फिरवलं. दुसऱ्यानं आत्तीला विचारलं, "हौसा, तुजं काय म्हननं?" आत्ती खांबाला टेकून बसली होती. तिनं आबांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "मी हुते कुटं तवा," ती म्हणाली. "सुशीलाला विचारा. तिच्यावर सोडून गेल्ती मी."

आबा माझ्याकडं वळले. "सांग गं. तुज्या आत्तीच्या रानात जाळी हुती का न्हवती?"

एवढाच प्रश्न होता. त्याचं एका शब्दाचं उत्तर होतं आणि ते खरं होतं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं: हुती, पन मी झाडली, आबांनी सांगितलं म्हनून, आन्‌ त्येच्या मागनं भुंगेरं आलं. आबांची नजर माझ्यावर होती, झाडू म्हणतानाची. आत्तीचीही होती.

"हुती," मी म्हटलं.

आणि तोंड मिटलं. थोरल्यानं कणीस खाली ठेवलं. आत्तीनं क्षणभर वाट पाहिली. माझ्या पुढच्या वाक्याची ती वाट पाहत होती हे मला कळत होतं. मग ती उठली, चहाच्या कपबश्या गोळा केल्या आणि आत घेऊन गेली. तोवर त्या घरात तिनं पाहुण्यांच्या कपबश्या कधी उचलल्या नव्हत्या.

त्या हंगामात रस्त्याकडच्या तुकड्यात आबांनी ऊस लावला. पडवीतली चूल आत्तीनं स्वतःच्या हातानं मोडली, माती परसात टाकली. पुढं मरेपर्यंत ती आईच्या चुलीपुढं बसून सगळ्यांच्या भाकऱ्या थापत राहिली आणि भावाचं खात राहिली. मका मात्र पुन्हा तोंडात घातला नाही. कुणी दिला तर म्हणायची, "दात न्हाईत." दात होते. आबांना मी पुढं कधी जाब विचारला नाही. ते म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं आत्तीनंच केलं, यावर गावात तिचं फार कौतुक झालं. मला त्या कौतुकाचा संताप येतो. जिला जायला दुसरी जागाच ठेवली नाही, तिच्या सेवेचे कसले गोडवे गाता?

माझं लग्न सांगलीला झालं. नवरा कुपवाडच्या कारखान्यात लेथवर. मांडवातून निघताना मी आत्तीच्या गळ्यात पडले, म्हटलं, "आत्ती, माझं चुकलं." तिनं माझी ओटी सारखी केली. "तू बारकी हुतीस," ती म्हणाली. मला वाटलं, सुटले. मग ती हळूच म्हणाली, "पन त्यो बारका न्हवता. कुटं अंगठा मागितला तर आदी वाचून बग." आबा गेल्यावर दिलीपनं कागद पुढं केला, तेव्हा मी तालुक्याला शिकलेली, दोन मुलांची आई होते. मी अंगठा दिला नाही. झोकदार सही केली. वाचलं नाही. माहेर तुटू नये म्हणून.

गेल्या पावसाळ्यात माहेरी गेले होते. रस्त्याकडच्या तुकड्यात आता कंपनीच्या बसगाड्या उभ्या असतात, डांबर केलेलं आहे. दिलीपचा मुलगा ओंकार वरच्या रानात मका करतो. त्या दिवशी त्याच्या रानात शेतीशाळा होती. कृषी खात्याचा तरुण पोरगा टोपी घालून वीस-पंचवीस शेतकऱ्यांना सांगत होता, की कोळी मारू नका, कोळी हा शेतकऱ्याचा मित्र, तो भुंगेरे खातो, सऱ्यांमधे गवताच्या पेंढ्या ठेवा म्हणजे त्याला आसरा मिळतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही हे हिरव्या रंगात लिहिलंय. शेतकरी माना डोलावत होते. त्यातल्या दोघांच्या आया आत्तीच्या रानात भांगलायला यायच्या, हसायच्या. त्या पोरानं कुठल्याशा पुस्तकाचं नाव सांगितलं. हौसाबाईचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. सातबाऱ्यावरसुद्धा नाही.

मी रानात शिरले. गुडघे दुखत असूनही वाकून शिरले. एका ताटावरून दुसऱ्या ताटाकडं जाळं ताणलेलं होतं, मधोमध कोळी, शेजारी भुंगेऱ्याचं टरफल. ओंकार मोबाइल घेऊन मागोमाग आला. आता त्या घरातली आत्ती मी आहे.

"आत्ती," तो म्हणाला, "तुमच्या टायमाला हुती का असली जाळी आपल्या रानात?"

"हुती," मी म्हटलं. मग पन्नास वर्षं जिभेवर राहिलेलं बोलले. "लय हुती. मी झाडली. तुज्या आज्यानं सांगितलं, मी झाडली. आन्‌ म्हनून हौसाआत्तीचं रान गेलं."

ओंकार मोबाइलमधून कोळ्याकडं बघत होता. "व्हय का?" तो म्हणाला. "जरा बाजूला सरा, आत्ती. फोटोत येताय."

मी बाजूला सरले.